तीन उकळ्यांचे पाणी

लेकीने ग्रीन टी आणला आणि बजावले, "आई, उकळतं पाणी ओतू नकोस, कडू होतो." इकडे सासूबाईंचे एकासन. तीन उकळ्या आलेले अचित्त पाणीच त्यांना चालते.

आठव्या शतकात चीनच्या लू यू यांनी चहावर 'छा चिंग' हा ग्रंथ लिहिला. त्यातही पाण्याच्या तीन उकळ्याच! पहिलीत माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, दुसरीत कडेने मोत्यांच्या माळा, तिसरीत लाटा. दुसरीला ते पळीभर पाणी काढून ठेवत, चहाची पूड घालत, आणि लाटा उसळल्या की तेच पाणी ओतून उकळी शमवत. त्यांची उकळी चवीसाठी, आपली धर्मासाठी.

आपली दाणेदार सीटीसी पूड १९३० च्या दशकात आसामात यंत्रावर निघाली. दुधात खळखळून उकळली तरी ती झकास उतरते. अख्ख्या काळ्या पानाला ९५ अंश आणि चार मिनिटे लागतात. ग्रीन टीला ८० अंश, दोनच मिनिटे.

मग मी पाण्याला तीन उकळ्या आणल्या, खाली उतरवून निवू दिले आणि नंतर पाने घातली. नियमही पाळला, चवही राहिली. एकासनाला बसलेल्या सासूबाई घोट घेऊन म्हणाल्या, "कुठं गं कडू?"