पावरी आणि सरहद्द

नाशिकाहून पश्चिमेस निघालेला रस्ता पेठेवरून धरमपूरकडे उतरतो. वाटेंत महाराष्ट्र संपून गुजरात लागतो. पण पाटी वाचली नाहीं तर प्रवाशास त्याचा पत्ताहि लागूं नये. अलीकडे जी नागली पिकते तीच पलीकडे. अलीकडच्या कोकणा घरांत जी बोली कानीं पडते तीच पलीकडच्या घरांतहि. ही रेघ निसर्गानें ओढलेली नाहीं. इतिहासानें ओढली, आणि तीहि अगदीं अलीकडे.

पेठ हें एके काळीं स्वतंत्र संस्थान होतें. १८५७ च्या उठावाची झळ त्यास लागली, आणि १८७८ सालीं अखेरच्या बेगमेच्या निधनानंतर तें खालसा होऊन नाशिक जिल्ह्याचा एक तालुका बनलें. शेजारच्या डांगांतील राजांकडून इंग्रजांनीं १८४२ सालीं जंगलाचे पट्टे करून घेतले. त्याबद्दल द्यावयाच्या सालिन्याचा दरबार आहवा येथें होळीच्या सुमारास आजहि भरतो. पुढें १ मे १९६० रोजीं द्विभाषिक मुंबई राज्याची वांटणी झाली. डांग व धरमपूर गुजरातेंत गेले; पेठ आणि सुरगाणें महाराष्ट्रांत राहिलीं. नकाशा दुभंगला, पण पावरी दुभंगली नाहीं. डोंगरदेवाच्या उत्सवांत भोपळ्याच्या त्या वाद्याचा घुमणारा स्वर दोन्ही राज्यांत एकच आहे. पितळी थाळीस मेणानें काडी चिकटवून तिच्या नादावर रात्रभर गाइली जाणारी कणसरीची कथाहि तशीच. बोहाड्याचे मुखवटे संबळ-सनईच्या तालावर दोहों बाजूंस नाचतात.

येथें युरोपांतील केल्टिक लोकांचें उदाहरण आठवतें. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि फ्रान्समधील ब्रिटनी यांच्या जुन्या भाषा एका कुळांतल्या आहेत, हें एडवर्ड लुइड या वेल्श पंडितानें १७०७ सालीं ग्रंथद्वारें मांडलें. तथापि ब्रेटन शेतकऱ्यास आयरिश कोळ्याचें बोलणें समजत नाहीं. त्यांची एकी पंडितांनीं शोधली आणि उत्सवांनीं घडविली. १९७१ पासून ब्रिटनींतील लोरियां या बंदरांत दर उन्हाळ्यांत केल्टिक संगीताचा महोत्सव भरतो. स्पेनमधील गालिसियाहि त्यांत आपली मशकवाद्यें घेऊन येतो. त्या सुरांच्या आधारें हे सारे प्रांत परदेशीं आपली ओळख सांगतात व पाहुण्यांस बोलावतात.

या एकींत सारेंच प्राचीन नाहीं. वेल्सच्या कविसंमेलनांतील ‘गोरसेद’ नांवाचा भव्य विधि एका कल्पक, आणि कागदपत्रांच्या बाबतींत फारशा प्रामाणिक नसलेल्या, कवीनें १७९२ सालीं लंडनमध्यें सुरू केला. ब्रिटनींतील आजचीं वाद्यपथकें विसाव्या शतकांत स्कॉटिश पथकांच्या धर्तीवर उभीं राहिलीं. तरीहि त्या लोकांनीं तें आपलें मानलें, कारण तें करणारे तेच होते. यांतील इंगित हेंच.

आमच्याकडील स्थिति नेमकी उलट आहे. तेथें समानता घडवावी लागली. येथें ती जिवंत असून तिला बोलावणारें कोणी नाहीं. दोन राज्यांचीं पर्यटनखातीं दोन जाहिराती काढतात. सापुतारा गुजरातचें आणि सुरगाणें महाराष्ट्राचें, एवढेंच त्यांतून परक्यास कळतें. वारली चित्रकलेनें जपान आणि जर्मनीपर्यंत मजल मारली. जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. मग पेठ, सुरगाणें, डांग आणि धरमपूर यांनीं मिळून एक निमंत्रण परदेशीं कां धाडूं नये?

एक शंका मात्र दडपून ठेवितां येत नाहीं. डोंगरदेव हा खेळ नव्हे, व्रत आहे. पाहुण्यांच्या सोयीसाठीं पौर्णिमा पुढें-मागें सरकूं लागली, किंवा रात्रभराची कणसरी दहा मिनिटांत आटोपूं लागली, तर पाहुणा येईल, परंतु ज्यासाठीं यावयाचें तें उरणार नाहीं. म्हणून काय दाखवावें आणि काय झांकून ठेवावें, हें आधीं पावरीवाल्यानें, भगतानें आणि कथेकऱ्यानें ठरवावें. बिदागीहि त्यांच्याच हातीं पडावी. आम्हां शिकलेल्या मंडळींचें काम त्यानंतरचें. सरहद्दीवरची पाटी खुशाल राहो. तिच्या दोन्ही अंगांस तोच सूर ऐकूं येतो, एवढें जगास सांगितलें तरी पुष्कळ झालें.