जलचर-विषबाधेची गणिती प्रतिमाने

पाण्यात मिसळलेले विषारी द्रव्य तिथल्या जीवांना किती प्रमाणापासून, किती काळात आणि कसा अपाय करील, याचा समीकरणांच्या आधारे बांधलेला अंदाज. परिस्थितिकीय विषविज्ञानातील ही पद्धत ध्रुवीय समुद्रांपासून यवतमाळ जिल्ह्यातील नाल्यांपर्यंत कुठेही लावता येते. मात्र तिच्यात भरलेली माहिती त्या पाण्यातल्या जीवांची असावी लागते.

सुरुवात प्रयोगशाळेतील चाचणीपासून होते. ९६ तासांत निम्मे मासे ज्या प्रमाणाला मरतात, त्याला एलसी-५० म्हणतात. अनेक जातींचे असे आकडे चढत्या क्रमाने मांडून वक्र काढला, की शंभरातल्या पाच जातींना बाधणारे प्रमाण मिळते. त्याला सुरक्षा-गुणकाने भागून मर्यादा ठरवतात. पाण्यातले अपेक्षित प्रमाण या मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर धोका आहे असे मानतात. याहून बारकाईची प्रतिमाने विष शरीरात शिरण्याचा व बाहेर पडण्याचा वेग, झालेली इजा आणि ती भरून येणे यांचा वेगवेगळा हिशेब ठेवतात.

ध्रुवीय पाण्यात ही मांडणी अडखळते. तिथल्या फार थोड्या जातींची चाचणी झाली आहे. थंडीत शरीरक्रिया मंद असल्याने विष सावकाश भिनते. चार दिवसांच्या चाचणीत धडधाकट दिसलेला अंटार्क्टिक जीव पुढच्या काही आठवड्यांत मरू शकतो, म्हणून चाचण्या लांबवाव्या लागतात. विष तिथे दुरूनही पोहोचते. अंटार्क्टिकातील पेंग्विनच्या शरीरात डीडीटी १९६० च्या दशकातच सापडले होते. एकेकाळी कापसावर सर्रास फवारले जाणारे एन्डोसल्फान हे कीटकनाशक आर्क्टिकपर्यंत गेल्याचे दिसले. त्याचा समावेश २०११ मध्ये टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला आणि त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली.

यवतमाळ जिल्ह्याला हा विषय सर्वांत जवळून भिडतो तो कापसामुळे. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने इथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर सरकारने फवारणीच्या काही औषधांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन व फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही मिश्रणे आणि मोनोक्रोटोफॉस होते. माणसांच्या मृत्यूंची चर्चा देशभर झाली, ती व्हायलाच हवी होती. तीच औषधे पावसाबरोबर नाल्यांतून वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यात आणि बेंबळा, अरुणावती, पूस यांच्या जलाशयांकडे जाऊ शकतात, ही बाजू मात्र मागे राहिली.

प्रत्येक औषधाची चाल वेगळी आहे. सायपरमेथ्रिन माशांना अत्यंत विषारी. ते काळ्या मातीच्या कणांना चिकटून गाळात बसते. त्यामुळे फक्त वरचे पाणी तपासणारे प्रतिमान फसते आणि खेकडे, कीटकांच्या अळ्या व तळाशी चरणारा मृगळ मासा हिशेबातून सुटतात. इमिडाक्लोप्रिड माशांना तुलनेने सौम्य आहे, पण काही जलकीटकांना ते डॅफ्निया या नेहमीच्या चाचणी-जीवापेक्षा हजार पटींहून अधिक घातक ठरते. म्हणजे डॅफ्नियावर विसंबलेले प्रतिमान पाणी निर्धोक ठरवील आणि माशांच्या पिलांचे खाद्य नाहीसे होत राहील. तापमानाचा परिणामही एकसारखा नाही. पायरेथ्रॉइड गटातील सायपरमेथ्रिन थंड पाण्यात अधिक तीव्र होते, तर प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस औषधे साधारणपणे उष्ण पाण्यात. समशीतोष्ण कटिबंधातल्या ट्राउट माशाचा आकडा विदर्भातल्या डोहाला जशाचा तसा लावता येत नाही, तसाच ध्रुवाजवळच्या माशालाही नाही.

वेळेचा मुद्दा तर निर्णायक आहे. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात पुराच्या पाण्यात अंडी घालतात आणि फवारणीचा जोर त्याच महिन्यांत असतो. पिले मोठ्या माशांपेक्षा सहसा नाजूक असतात. पावसाच्या एका सरीनंतर काही तासांपुरते चढलेले विष महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात बहुधा सापडतही नाही.

यवतमाळसाठी प्रतिमान करायचे तर चाचणी स्थानिक माशांच्या पिलांवर, झिंग्यांवर व जलकीटकांवर, इथल्याच पाण्याच्या तापमानाला व्हावी आणि नमुने फवारणीच्या हंगामात, पाऊस पडताच घेतले जावेत. त्यात गाळाचे नमुने वगळू नयेत.