यंत्रनियंत्रण आज्ञावली

यंत्रनियंत्रण आज्ञावली : कारखान्यातील उत्पादक यंत्रांच्या हालचालींचा क्रम, वेग, अंतर व परस्परसंबंध ठरवून देणाऱ्या सूचनांच्या संचाला यंत्रनियंत्रण आज्ञावली असे म्हणतात. लेथ, चक्री कर्तन यंत्र म्हणजेच मिलिंग यंत्र, दाबयंत्र इ. यंत्रांचा ओतीव लोखंडी सांगाडा चांगल्या निगराणीत तीस-चाळीस वर्षे टिकतो. त्याला चालविणारी इलेक्ट्रॉनीय सामग्री मात्र दहा-पंधरा वर्षांतच जुनी ठरते व तिचे सुटे भाग मिळेनासे होतात. त्यामुळे एकाच यंत्राच्या हयातीत त्याचे नियंत्रण दोन-तीन वेळा बदलावे लागते. या आधुनिकीकरणाच्या इतिहासात सामग्री प्रत्येक टप्प्यावर बदलली, तरी सूचना लिहिण्याची पद्धत आश्चर्य वाटावे इतकी स्थिर राहिली. सूचना कोणी लिहाव्यात आणि त्या बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्नही प्रत्येक टप्प्यावर पुन्हा उपस्थित झाला.

यंत्राला आगाऊ सूचना देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये जाकार यांनी 1804 च्या सुमारास छिद्रित पत्त्यांवर चालणारा माग तयार केला. धातुकामात मात्र सूचना बराच काळ यंत्राच्या अंगातच, म्हणजे कॅम, खुंट्या व नमुनापट्ट्या यांच्या रूपाने घडविल्या जात. वस्तूचा आकार बदलला की कॅमही नवा कापावा लागे.

अंकीय नियंत्रणाचा आरंभ : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती तयार होत. पात्याचा वक्र तपासण्याची नमुनापट्टी थोड्याच बिंदूंवरून आखली जाई व मधला भाग कारागीर डोळ्याने व कानशीने जुळवून घेई. पार्सन्स व त्यांचे सहकारी अभियंता फ्रँक स्ट्यूलन यांनी छिद्रित पत्त्यांच्या गणकयंत्रावर असे बिंदू मोठ्या संख्येने काढून घेतले. मग एक कामगार तक्त्यातील आकडे मोठ्याने वाचे व दुसरे दोघे यंत्राची एकेक मूठ त्याप्रमाणे फिरवीत. हे आकडे माणसाने वाचण्याऐवजी यंत्रानेच वाचावेत, ही त्यापुढची पायरी होती.

अमेरिकी वायुदलाने 1949 मध्ये पार्सन्स यांना या कामाचे कंत्राट दिले. पार्सन्स यांनी त्यातील काही काम मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या सेवायंत्रणा प्रयोगशाळेकडे सोपविले. पुढे संस्थेने वायुदलाशी थेट करार केला आणि मूळ कल्पना मांडणारे पार्सन्स बाजूला पडले. सिनसिनाटी कंपनीच्या एका मिलिंग यंत्रावर छिद्रित कागदी फितीने चालणारे नियंत्रण बसवून सप्टेंबर 1952 मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. निर्वात नलिका व अभिचालित्रे यांनी भरलेल्या त्याच्या कपाटांनी जवळजवळ यंत्राएवढीच जागा व्यापली होती. पार्सन्स व स्ट्यूलन यांना त्यांच्या पद्धतीचे एकस्व 1958 मध्ये मिळाले.

फितीवरील छिद्रे हाताने गणित करून ठरविणे अतिशय कंटाळवाणे होते. एखादा गुंतागुंतीचा भाग कापण्यास लागणाऱ्या वेळेच्या अनेक पट वेळ त्याची फीत तयार करण्यातच जाई. डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली त्याच संस्थेत ‘एपीटी’ ही संगणकीय भाषा विकसित झाली. तिच्यात रेषा, वर्तुळ, प्रतल अशा भूमितीय शब्दांत वस्तूचे वर्णन करता येई व कर्तन हत्याराचा मार्ग संगणक काढून देई. फेब्रुवारी 1959 मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा तिच्या साहाय्याने कापलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे पत्रकारांना भेट देण्यात आली. यामुळे आज्ञावली लिहिण्याची जागा यंत्राशेजारून उठून संगणक असलेल्या कचेरीत गेली.

याच काळात दुसरा एक मार्ग उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कुशल कारागिराने प्रत्यक्ष काम करताना यंत्राच्या झालेल्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवून, पुढे त्याच फितीवरून यंत्राकडून हुबेहूब करवून घेण्याची पद्धत तयार केली होती. (त्या कंपनीच्या प्रसिद्धिविभागात नोकरीस असलेले कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांना तेथील स्वयंचलित मिलिंग यंत्र पाहूनच 1952 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली कादंबरी सुचली.) या पद्धतीत आज्ञावलीचा लेखक कारागीरच असे. ती मागे का पडली, याची चर्चा इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 1984 मधील आपल्या ग्रंथात विस्ताराने केली आहे. उत्पादनाचा ताबा कामगाराच्या हातून काढून व्यवस्थापनाच्या हाती देण्याची इच्छा हे त्यामागील मोठे कारण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यात बरेच तथ्य आहे. तथापि विमानाच्या पंखाचे पाच अक्षांवर कापावे लागणारे पृष्ठ कोणत्याही कारागिराला हाताने एकदाही अचूक कापून दाखविता आले नसते, हेही विसरून चालणार नाही. साध्या लेथकामासाठी नोंद-पद्धती पुरेशी होती. वायुदलाला हवे असलेले काम मात्र साधे नव्हते आणि पैसा वायुदलाचा होता.

अभिचालित्रांकडून शिडी-आकृतीकडे : धातू कापण्याच्या यंत्राखेरीज कारखान्यात पट्टे, पकडी, झडपा व दाबयंत्रे यांचा क्रम सांभाळणारे नियंत्रण लागते. ‘दार बंद असेल व पकड घट्ट असेल, तरच चलित्र सुरू करा’ अशा स्वरूपाच्या या सूचना असतात. पूर्वी त्या शेकडो अभिचालित्रे किंवा रिले तारांनी जोडून अमलात आणीत. मोटारगाडीचा नमुना बदलला की कपाटेच्या कपाटे उकलून पुन्हा तारा जोडाव्या लागत, किंवा टाकून द्यावी लागत. जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने 1968 मध्ये याला पर्याय मागविला. नवे साधन घनावस्था इलेक्ट्रॉनिकीचे असावे, त्याची आज्ञावली सहज बदलता यावी, कारखान्यातील धूळ व उष्णता त्याने सोसावी आणि कारखान्यातील वीजतंत्र्यांना ते सांभाळता यावे, अशा त्याच्या अपेक्षा होत्या.

डिजिटल इक्विपमेंट या नामवंत संगणक कंपनीने पुढे आणलेल्या ‘पीडीपी-14’ या साधनाची आज्ञावली तारा विणून केलेल्या स्थिर स्मृतीत असे. ती बदलायची तर नवी स्मृती उत्पादकाकडून विणून आणावी लागे. मॅसॅचूसेट्स राज्यातील बेडफर्ड येथील रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी वेगळा विचार केला. त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प म्हणून ‘084’ असे नाव पडलेले त्यांचे नियंत्रक 1969 मध्ये पुढे आले व त्यासाठी ‘मॉडिकॉन’ ही कंपनी निघाली. त्यात हवा खेळविणारा पंखा नव्हता, कारण पंख्याबरोबर धूळही आत येते. त्याला संगणक म्हणण्याचे निर्मात्यांनी कटाक्षाने टाळले. पहिल्या प्रतिरूपाची विक्री बेताचीच झाली. व्यापारी यश 1973 मधील ‘184’ या प्रतिरूपाला मिळाले.

त्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या लिपीत होते. वीजतंत्री अभिचालित्रांच्या जोडणीची आकृती दोन उभ्या रेषा व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या अशी, शिडीसारखी काढीत. पायरीच्या डाव्या बाजूस स्पर्शक व उजव्या टोकाला वेटोळे असे. नव्या नियंत्रकात तारा व वेटोळी उरली नव्हती. तरीही आज्ञावली याच शिडी-आकृतीत लिहिण्याची सोय ठेवण्यात आली. त्यामुळे संगणक कधी न पाहिलेल्या वीजतंत्र्यालाही बिघाड कोठे आहे हे वाचता येऊ लागले. पुढे पडदे आल्यावर ‘प्रवाह वाहत असलेली’ पायरी पडद्यावर उजळ दिसू लागली. अस्तित्वात नसलेल्या तारांमधील हा काल्पनिक प्रवाह कारखान्यांनी आजतागायत सोडलेला नाही. संगणकशास्त्रज्ञांनी शिडी-आकृतीची मागासलेली म्हणून अनेकदा हेटाळणी केली. पण रात्रपाळीत बंद पडलेली साखळी पहाटेपूर्वी सुरू करणाऱ्यांना ती वाचता येत होती, आणि कारखान्याच्या दृष्टीने हा गुण निर्णायक ठरला.

फीत गेली, खुणा राहिल्या : 1970 नंतर लघुसंगणक व पुढे सूक्ष्मप्रक्रियक यांमुळे नियंत्रण यंत्राच्याच अंगावर आले. याला संगणकीय अंकीय नियंत्रण म्हणतात. बोलण्यात ‘सीएनसी’ हा शब्द रूढ आहे. जपानमध्ये फुजित्सू कंपनीतून 1972 मध्ये वेगळ्या झालेल्या फॅनक कंपनीने स्वस्त व भरवशाची नियंत्रणे काढून ती लहान कारखान्यांपर्यंत नेली. कारागिराला यंत्रापुढे उभे राहून आज्ञावली पाहता व सुधारता येऊ लागली. मात्र अनेक नियंत्रणफलकांवर सुधारणेची सोय बंद करणारे किल्लीचे कुलूपही बसविलेले असे. ही किल्ली कामगाराजवळ असावी की पर्यवेक्षकाजवळ, हे ज्या त्या कारखान्याने आपापल्या रीतीने ठरविले.

फितीसाठी ठरविलेली ‘जी’ व ‘एम’ या अक्षरांची संकेतभाषा फीत नाहीशी झाल्यावरही टिकून राहिली. आजच्या आज्ञावलीच्या आरंभी व शेवटी येणारे शतमान चिन्ह (%) हे मुळात फीत गुंडाळून परत आणताना कोठे थांबावे याची खूण होते. संक्रमणाच्या काळात जुन्या नियंत्रणांना फीतवाचकाच्या जागी संगणक जोडण्यात आले. आपण फीतच वाचत आहोत, अशा समजुतीने जुने नियंत्रण चालत राही. वस्तूचे आकारवर्णनच यंत्राला देणारी नवी पद्धत ‘आयएसओ 14649’ या मानकाने 2003 मध्ये मांडली. परंतु तिला जुन्या संकेतभाषेची जागा घेता आलेली नाही.

सुस्थितीतील जुन्या यंत्रावर नवे नियंत्रण, चलित्रे व स्थानमापक बसविण्याला कारखान्यांत ‘रेट्रोफिट’ म्हणतात. भारतातील लहानमोठ्या कारखान्यांतही हे काम होते, कारण नव्या यंत्रापेक्षा त्याला खर्च पुष्कळ कमी येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 1990 नंतरच्या दशकात सर्वसाधारण संगणकावर चालणारे व कोणासही मुक्तपणे वापरता येईल असे नियंत्रण विकसित केले. ‘लिनक्ससीएनसी’ या नावाने ते पुढे स्वयंसेवकांनी वाढविले व अनेक जुन्या यंत्रांना त्याने पुन्हा कामास लावले.

आज्ञावलीचे स्थलांतर हे तारा बदलण्यापेक्षा अवघड ठरते. नियंत्रक आधी सर्व संवेदकांची स्थिती वाचतो, मग पायऱ्या वरून खाली सोडवितो व शेवटी निष्कर्ष झडपांना आणि चलित्रांना कळवितो. हे चक्र अखंड चालते. जुन्या नियंत्रकात या चक्राला काही दशसहस्रांश नव्हे, तर चांगले शतांश सेकंदापर्यंत लागत आणि काही आज्ञावल्या नकळत या संथपणावरच विसंबून लिहिलेल्या असत. तीच आज्ञावली शीघ्र नियंत्रकावर जशीच्या तशी उतरविली, तर पकड पुरती मिटण्यापूर्वीच पुढची हालचाल सुरू होण्याचा संभव असतो. शिवाय वर्षानुवर्षे केलेल्या दुरुस्त्यांची नोंद कागदावर क्वचितच असते. ती जुन्या तंत्र्यांच्या स्मरणात असते व त्यांच्या निवृत्तीबरोबर जाते.

उत्पादकागणिक वेगळ्या झालेल्या भाषांना एकत्र आणण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने 1993 मध्ये पाच भाषांचे मानक प्रसिद्ध केले. त्यांत शिडी-आकृतीला स्थान मिळाले. 2013 च्या आवृत्तीत सूचना-यादी ही भाषा कालबाह्य ठरविण्यात आली. शिडी-आकृती कायम राहिली.

नियंत्रक संगणकांच्या जाळ्याला जोडले गेल्यावर आज्ञावली दुरून वाचणे व बदलणे सोयीचे झाले. या सोयीची दुसरी बाजू 2010 मध्ये उघडकीस आली. इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या केंद्रोत्सारक यंत्रांवर रोख असलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीने सीमेन्स कंपनीच्या नियंत्रकांत स्वतःच्या सूचना घुसविल्या. यंत्रांची वारंवारता तिने प्रथम 1,410 हर्ट्‌झपर्यंत चढविली व पुढे 2 हर्ट्‌झपर्यंत उतरविली. अभियंत्याने नियंत्रकातील आज्ञावली पडद्यावर मागविली, तर घुसविलेला भाग वगळून उरलेलाच त्याला दिसे. 2017 मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्याच्या सुरक्षा-नियंत्रकांवर असाच हल्ला झाला. त्या नियंत्रकांवर आज्ञावली बदलण्यास मज्जाव करणारी किल्ली होती. हल्ल्याच्या वेळी ती बदलास मोकळीक देणाऱ्या स्थितीत राहिलेली होती.