पाणबुड्याच्या पोशाखातील चित्रकार

१ जुलै १९३६ची गोष्ट. लंडनच्या न्यू बर्लिंग्टन गॅलरीजमध्ये व्याख्यानाला गर्दी जमली होती. वक्ते होते स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली. स्वारी आली ती पाणबुड्याचा अंगभर पोशाख चढवून, डोक्यावर शिरस्त्राण घालून आणि बरोबर दोन कुत्रे घेऊन! मनाच्या तळाशी बुडी मारायची, मग पोशाख नको का?

थोड्या वेळाने दाली हातवारे करू लागले. लोक हसले. हातवारे वाढले, तसे हसूही वाढले. पण शिरस्त्राणात पुरेशी हवा नव्हती. गृहस्थ खरोखरच गुदमरत होते! अखेर धावाधाव झाली, शिरस्त्राण निघाले, तेव्हा कुठे जीव वाचला.

११ जूनपासून तेथे अतिवास्तववादी चित्रांचे प्रदर्शन चालू होते. फ्रॉइडने स्वप्नांचा अर्थ लावला. त्यातून स्फूर्ती घेऊन आंद्रे ब्रताँ यांनी १९२४मध्ये या पंथाचा जाहीरनामा काढला. जागेपणी दडपलेले मन स्वप्नात बोलते, ते चित्रात उतरवावे, ही त्यांची भूमिका. प्रदर्शनात मेरेट ओपेनहाइम यांनी केसाळ कातड्याने मढवलेली कपबशीसुद्धा होती. आता ती पाहून कोणाला हसू आले, तर नवल काय?

पण त्याच वर्षी दालींनी एक चित्र रंगवले होते. ते आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. त्यात एक अजस्र देह स्वतःलाच पिळतो आहे, फाडतो आहे. खाली उकडलेले घेवड्याचे दाणे विखुरले आहेत. व्याख्यानानंतर अवघ्या अडीच आठवड्यांत स्पेनमध्ये यादवी पेटली. या यादवीची चाहूल आपल्याला आधीच लागली होती, असे दाली पुढे सांगत. चित्राच्या नावातही ती चाहूल आली. हे नाव मागाहून दिले, असे काही अभ्यासक मानतात.

मला स्वतःला त्यात भविष्यवाणी दिसत नाही. स्पेनमधले वैर तेव्हा उघड्यावरच होते. दालींनी उद्याचे नव्हे, आजचेच पाहिले. फक्त वर्तमानपत्राच्या भाषेत न सांगता दुःस्वप्नाच्या भाषेत सांगितले.

दोष एकट्या प्रेक्षकांचा नव्हे. ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोराची गत दालींची झाली. नेहमी सोंग घेणाऱ्याचे मरणही लोकांना सोंगच वाटते.

म्हणून श्रोतेहो, असे विचित्र चित्र समोर आले तर खुशाल हसा. पण हसून झाल्यावर क्षणभर थांबा आणि पाहा, आत कोणी गुदमरत तर नाही ना?