वेताळ आणि व्हॅम्पायर
वेताळकथांच्या १८७० मधील इंग्रजी अवतारात रिचर्ड बर्टनने वेताळास ‘व्हॅम्पायर’ म्हटले. हे नामांतर दिशाभूल करणारे होय. मात्सुरी हिनो यांच्या ‘व्हॅम्पायर नाइट’ (२००४–१३) या जपानी चित्रकथेत मानव दिवसा व रक्तपिपासू रात्री एकाच विद्यालयात शिकतात; तेथील प्रेमास रक्ततृष्णेचेच भय आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये मराठीत आणलेल्या ‘वेताळपंचविशी’च्या परंपरेत प्रेम (तेही विपुल) वेताळाने सांगितलेल्या कथांत येते, स्वतः वेताळ प्रेतात वसणारा परीक्षक. उत्तर जाणूनही विक्रम गप्प राहिल्यास मस्तक फुटावे, बोलल्यास प्रेत पुन्हा झाडावर जावे! अखेरीस बापाने मुलीशी व पुत्राने तिच्या आईशी विवाह केल्यावर होणाऱ्या संततीचे परस्पर नाते राजास सांगता येत नाही. त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्यास कपटी योग्यापासून वाचवितो.