उसनवारीवर जन्मलेली गाडी

मंचरच्या पूर्वेला, निरगुडसरच्या अंगाला, एखादी जुनी उघडी जीप गॅरेजात आली की मिस्त्री रंगाचं विचारत नाही. बोनेट उचलतो आणि म्हणतो, "हिच्यात आत्ता काय टाकलंय?" प्रश्न रास्त आहे. आरसी बुकावर विलीज असली तरी आत ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल निघतं, नाहीतर प्यूजो, नाहीतर अपघातात गेलेल्या बोलेरोचं इंजिन. अमेरिकेत जुन्या शेवरलेत नवं व्ही-एट, नवे ब्रेक बसवण्याला 'रेस्टोमॉड' म्हणतात. त्याची प्रदर्शनं भरतात, मासिकं निघतात. आपल्याकडे तेच काम पत्र्याच्या शेडखाली चेनपुलीवर होत आलं. त्याला कुणी नाव दिलं नाही, कारण तो शौक नव्हता. पेट्रोल परवडत नव्हतं.

जुन्या मोटारींचे जाणकार अशा गाडीला नाक मुरडतात. तिचं कूळ पाहिलं तर त्यांना फारसं तोंड राहत नाही.

जुलै 1940 मध्ये अमेरिकन लष्कराने 135 कारखान्यांना विचारणा केली. टेहळणीसाठी हलकी गाडी हवी, चारही चाकांना ओढ हवी आणि नमुना 49 दिवसांत हवा. बहुतेकांनी पत्राकडे पाहिलंही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही धंद्यात बुडत आलेली कंपनी मात्र तयार झाली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडा काढला. एवढ्या दिवसांत इंजिन आणि एक्सल नव्याने घडवणं अशक्यच. म्हणून इंजिन कॉन्टिनेंटलचं घेतलं, एक्सल स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचे, स्पायसर कंपनीने फेरफार करून दिलेले. 23 सप्टेंबरला मुदत संपायला अर्धा तास उरला असताना गाडी मेरीलँडच्या कँप होलाबर्डच्या फाटकात शिरली. जगातली पहिली जीप ही अशी बाजारात मिळेल ते जमवून उभी केलेली गाडी.

बँटमच्या पदरात फारसं पडलं नाही. हा छोटा कारखाना मागणीला पुरा पडणार नाही म्हणून लष्कराने तिचा आराखडा विलीज आणि फोर्डला दाखवला. मोठी ऑर्डर ओहायोतल्या टोलेडोच्या विलीजने नेली, आणि बँटम उरलेल्या युद्धात ट्रेलर बनवत बसली. विलीज जिंकली ती आपला इंजिनिअर बार्नी रूस याच्या इंजिनावर. 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं 'गो-डेव्हिल'. बाकीच्या दोघांचं गाडं पंचेचाळीसच्या आसपास अडलं होतं. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या.

आपल्याकडे ती युद्धाच्या वाटेनेच आली. नंतर डिस्पोजलमध्ये लष्करी माल निघाला, त्यात जीपाही होत्या. दरम्यान 2 ऑक्टोबर 1945 रोजी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि पाटीवरच्या मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्र आला. कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत बार्नी रूसला भेटले होते. विलीजशी सूत जुळलं ते त्यातून. 1949 मध्ये मुंबईत माझगावला परदेशातून पेट्यांत आलेले भाग जोडून जीप उभी राहिली.

मंचर-निरगुडसरच्या याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली गेला. त्याच्या तालुक्यात वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकन गाडी घरची होऊन बसावी, यात मला विसंगती दिसत नाही. विदेशी माल तयार येऊन पडतो, तेव्हा इथल्या हातांना काम उरत नाही. या गाडीने मात्र इथल्या लेथवाल्याला, वेल्डरला, हूड शिवणाऱ्याला पोटाला दिलं.

आपल्या रस्त्यांवर जी रुजली ती 1953 सालची सीजे-थ्री-बी. तिचं उंच बोनेट लांबूनही ओळखू येतं, आणि ही उंचीसुद्धा तडजोडीचीच. विलीजने गो-डेव्हिलच्याच ब्लॉकवर 'हरिकेन' इंजिन रचलं. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग बोनेट आणि पुढची जाळीच वर उचलली. कित्येकांना हे रूप बेढब वाटतं. आपल्या मिस्त्रींना मात्र त्या बोनेटखाली डिझेलला ऐसपैस जागा सापडली.

कंपनीनेही तीच वाट धरली होती. 1963 मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला, आणि त्या बी-275 ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल पुढे जीपमध्ये आलं. धडधडतं, सावकाश फिरतं, पण चिखलात ओढ सोडत नाही. 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोचा परवाना घेतला. 2112 सीसीचं, 62 अश्वशक्तीचं एक्सडीपी इंजिन 1985 च्या एमएम-540 मध्ये बसलं. हे तुलनेने गुळगुळीत चालतं. त्यात डिझेल आधी छोट्या कोठीत पेटतं, म्हणून जुन्नरच्या थंडीत पहाटे आधी हीटर प्लग तापू द्यावे लागतात. घाई करणारा बॅटरी उतरवून बसतो.

इंजिन बदलणं म्हणजे जुनं काढलं, नवं ठेवलं, इतकं सोपं नसतं. खरी परीक्षा बेल हाउसिंगपाशी. नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सशी जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादी प्लेट टर्न करून घ्यावी लागते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा. केसभर फरक राहिला तरी क्लच प्लेट फाटते, बेअरिंग ओरडायला लागतं. चांगला मिस्त्री इथे डोळ्यावर भरवसा ठेवत नाही, डायल लावतो. डिझेल वजनाला भारी, त्यामुळे पुढचे पाटे बसतात आणि एखादं पान वाढवावं लागतं. जुनी वायरिंग सहा व्होल्टची असेल तर सगळी उपसून बारावर न्यायची.

मग वेगाचं दुखणं. थ्री-बीचं क्राउन-पिनियन 5.38 चं. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सव्वापाचाहून थोडे जास्त फेरे. पेट्रोल इंजिन तेवढं पळायचं, डिझेल पळत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर मागून ट्रक हॉर्न देत राहतात. म्हणून 4.88 किंवा त्याहून खालचा जोड टाकतात. तो मागे टाकला तर पुढेही टाकावाच लागतो. नुसता मागचा बदलला आणि फोर-व्हील लावलं, तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या हिशेबाने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस आवळते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी जुनं जपण्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. चारही चाकांना नऊ इंची ड्रम, आणि सगळ्यांना तेल पोचवणारी एकच लाइन. कुठेही एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. माळशेजच्या उतारावर अस्सलपणाचा उपयोग काय? दोन स्वतंत्र लाइनींचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क, एवढं तरी हवंच. आणि ते इथे सहज जमतं. विलीजच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. बोलेरोलाही तेच माप, मारुतीच्या जिप्सीलाही तेच. त्यामुळे चाकं सरळ चढतात आणि ब्रेकचे भाग थोड्या घासकामात बसतात.

हीच डिझेल जीप एकदा उलटी अमेरिकेला गेली. 2018 मध्ये महिंद्रने मिशिगनमध्ये रॉक्सर काढली: अडीच लिटरचं डिझेल, पोलादी बॉडी, फक्त कच्च्या रानासाठी. जीपचं नाव ज्यांच्याकडे होतं त्या फियाट क्रायस्लरने रूप चोरल्याची तक्रार केली. 2020 मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि महिंद्रला पुढचा चेहरा बदलून घ्यावा लागला. बँटमचा आराखडा विलीजला दाखवला गेला तेव्हा अशी तक्रार घ्यायला कुणी बसलं नव्हतं.

इथल्या मालकापुढे वेगळाच पेच आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, मोठी बदलाबदल चालत नाही. त्यासाठी डिझेल काढा, जुन्या बाजारात हरिकेन धुंडाळा, नोंदणीचे 20,000 भरा. एवढं करून त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. निरगुडसरात जीप लागते शेतावर जायला, मंचरच्या बाजारला, पाहुण्यांना फाट्यावरून आणायला. म्हणून बहुतेक शहाणे व्हिंटेजच्या नादी लागत नाहीत. आरटीओत इंजिनबदलाची रीतसर परवानगी घेतात, बुकावर इंधनापुढे डिझेल लिहून आणतात, आणि दर पाच वर्षांनी पासिंगला गाडी धुऊन नेतात.