सर्पगंधा आणि निपचित उंदीर

बडोद्याच्या रावपुऱ्यात महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ साली उभारलेला घड्याळाचा मनोरा आजही उभा आहे. दिवाण रावजी आप्पाजी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. सयाजीराव रुग्णालय व १९४९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय येथून फार दूर नाही. याच शहरात १९५३ साली गुजरात व सौराष्ट्र प्रांतिक वैद्यक परिषदेचे सहावे अधिवेशन भरले. बडोदे संस्थान विलीन होऊन तेव्हा चारच वर्षे लोटली होती आणि शहर मुंबई राज्यात मोडत होते. या अधिवेशनात अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी ‘मानसिक रोगांवरील उपचारांत देशी औषधे’ या विषयावर निबंध वाचला. त्यात सर्पगंधेच्या मुळीला मानाचे स्थान होते.

परिषदांतील निबंध बहुधा इतिवृत्ताच्या पानांत विसावतात आणि तेथेच राहतात. या निबंधाचे तसे झाले नाही. त्याची वार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्राने छापली आणि ती नेथन क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या दृष्टीस पडली. मेंदूच्या विकारांवरील औषधांची परीक्षा उंदरांवर कशी घ्यावी, या शास्त्राच्या एका मोठ्या प्रकरणाचा धागा अशा रीतीने बडोद्यापर्यंत येऊन पोहोचतो.

सर्पगंधा ही काही १९५३ साली सापडलेली वस्तू नव्हे. मराठीत तिला अडकई, हरकी अशीही नावे आहेत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पदंशावरील ज्या मुळ्या वर्णिल्या, त्यांत हीही असल्याचे अभ्यासक मानतात. सापाशी झुंजणारे मुंगूस ही मुळी खाऊन मग लढते, ही कथाही तेथे आहे. बिहारात मात्र लोक तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. वेड लागलेल्या माणसाला घरचे लोक ती उगाळून पाजीत, आणि तो झोपी जाई.

लोकांचा हा अनुभव शास्त्राच्या भाषेत प्रथम मांडला तो कलकत्त्यास. १९३१ साली कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर ही मुळी गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. एक आयुर्वेदाचा पंडित आणि एक पाश्चात्त्य पद्धतीचा डॉक्टर एकाच लेखावर सही करतात, हा योग त्या काळी विरळाच. त्याच वर्षी दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतील अल्कलॉइडे वेगळी काढली आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकास ‘अजमलीन’ असे नाव दिले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या कलकत्त्यातील प्रयोगशाळेत प्राण्यांवर पुढील परीक्षा झाल्या. झोप आणणारा अंश त्या शुद्ध स्फटिकांत नसून उरलेल्या राळेसारख्या भागात आहे, असे १९४४ पर्यंत दिसून आले. परंतु तो अंश नेमका हाती लागला नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, तेव्हा कोठे युरोप-अमेरिकेचे लक्ष इकडे वळले. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ साली तो हुलकावणी देणारा अंश शुद्ध रूपात काढला. त्याचे नाव रेसर्पिन.

क्लाइन यांनी न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयात ही मुळी व रेसर्पिन रुग्णांना देऊन पाहिले आणि १९५४ साली अहवाल प्रसिद्ध केला. औषधाचा गुण प्रथम कोणाच्या ध्यानी आला, याची एक हकीकत सांगतात. डॉक्टरांच्या आधी तो रुग्णालयात खिडक्यांना काचा बसविणाऱ्या कारागिराला उमगला म्हणे. फुटणाऱ्या तावदानांची संख्या एकाएकी उतरली होती. वॉर्ड शांत झाले होते. ‘शांतक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वैद्यकात रूढ झाला तो याच औषधाच्या निमित्ताने.

पण शांत होणे म्हणजे काय? येथेच प्रयोगशाळेतील उंदराची खरी कथा सुरू होते.

रेसर्पिन टोचलेला पांढरा उंदीर पाहावा. त्याच्या पापण्या खाली येतात, पाठीला कुबड येते, अंग गार पडू लागते. तो झोपलेला नसतो. डिवचले तर हालतो. एरवी मात्र ज्या जागी ठेवावा त्या जागी निपचित बसून राहतो. औषध तपासणाऱ्यांनी या निश्चलतेला प्रथम शांती असे नाव दिले. चिडखोर माकडेही त्याने माणसाळल्यागत होत, त्यामुळे तो अर्थ पटण्याजोगा वाटला. उंदीर स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही, हे मात्र या घाईत बाजूला पडले.

अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने १९५५ साली दाखविले की, रेसर्पिनने सेरोटोनिन हे द्रव्य शरीरातील साठ्यांतून नाहीसे होते. कणगीला भोक पडावे आणि सांडलेले धान्य वाऱ्यावारी जावे, तसा हा प्रकार. त्या प्रयोगशाळेत काही महिने काढून स्वीडनला परतलेले आर्व्हिड कार्लसन यांना शंका आली की, कणगीतून आणखीही काही सांडत असावे. लुंड येथे त्यांनी उंदीर आणि ससे यांना रेसर्पिन देऊन निश्चल केले आणि मग डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ते निपचित पडलेले प्राणी उठले आणि फिरू लागले. सेरोटोनिन ज्यापासून बनते ते द्रव्य टोचल्याने मात्र असे काही घडले नाही. (ससा हा शास्त्रीय वर्गीकरणात कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, नव्हे, तरी या कथेत त्याला उंदराशेजारी जागा द्यावीच लागते.) हा प्रयोग ‘नेचर’ मध्ये १९५७ साली छापला गेला. मेंदूत डोपामाइन हे स्वतंत्र महत्त्वाचे द्रव्य आहे, ही गोष्ट त्यातून उलगडली.

उंदराची ती निश्चलता शांती नव्हती. ती कंपवाताची छाया होती. मनोरुग्णालयांतील डॉक्टरांना याची खूण आधीच पटली होती. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचे हात थरथरत, चेहरा मुखवट्यासारखा होई, पाऊल अडखळे. ज्याला वॉर्डाची शांतता म्हटले जात होते, तिच्यात एका नव्या व्याधीचा वाटा होता, हे कबूल करणे तेव्हा कोणालाच सुखाचे नव्हते. औषधाची मात्रा कमी केली की ती लक्षणे ओसरत, ही त्यातली सोयीची गोष्ट. व्हिएन्नाचे ओलेह हॉर्निकीविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासून, त्यांच्या विशिष्ट भागात डोपामाइन फार कमी असल्याचे १९६० साली सिद्ध केले. १९६१ मध्ये रुग्णांस डोपा टोचून पाहण्यात आले आणि १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देण्याची रीत बसविली. अनेक वर्षे खिळून पडलेली माणसे चालू लागली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच निपचित उंदराचा तिसरा अर्थही लावला गेला. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशी तक्रार होती. म्हणून रेसर्पिन दिलेला उंदीर हा विषण्ण माणसाचा नमुना मानला गेला. जे औषध त्याच्या पापण्या वर उचलील व अंगाची ऊब परत आणील, ते विषादावर चालावे, असा तर्क. हा तर्क बऱ्याच अंशी उपयोगी पडला आणि १९६० च्या दशकात कितीतरी नवी औषधे याच कसोटीवर निवडली गेली. पुढे मात्र रेसर्पिनमुळे माणसाला खरोखरच विषाद जडतो का, याविषयीच संशोधकांनी शंका उपस्थित केली. कसोटी चालली, पण ती जिच्यावर उभारली होती ती समजूत डळमळीत निघाली. एकाच प्राण्याची एकच मुद्रा. तिला शांती, कंपवात आणि विषाद ही तीन नावे माणसांनी दिली. त्यांपैकी जे नाव मेंदूतील द्रव्य मोजून दिले गेले, तेच सर्वांत पक्के ठरले.

श्रेयाच्या बाबतीत जगाचा हिशेब नेहमीसारखाच झाला. वकील आणि क्लाइन यांना १९५७ चे लास्कर पारितोषिक लाभले; हकीम यांचे नाव तळटीपेपुरते उरले. सर्पगंधेची मागणी एवढी वाढली की रानातील झाडे उपटून उपटून विरळ झाली, आणि १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

निसर्गाची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. डोपामाइनची कणगी रिती करणारी मुळी जशी या देशातली, तशीच ती भरणारी बीही येथलीच. अंगाला लागताच खाज सुटणाऱ्या खाजकुइलीच्या शेंगा महाराष्ट्राच्या रानांत, कुंपणांवर सर्रास आढळतात. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. तिच्या बियांत डोपा असल्याचे मद्रासच्या रसायनज्ञांनी १९३७ सालीच, म्हणजे कार्लसन यांच्या प्रयोगापूर्वी वीस वर्षे, दाखवून दिले होते. मुंबईच्या वैद्य-डॉक्टरांच्या मंडळाने १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांना या बियांचे चूर्ण देऊन त्याचा अहवाल छापला. पुढे याच बियांची परीक्षा प्रयोगशाळेतील उंदरांवर झाली. या वेळी त्या उंदरांच्या मेंदूत डोपामाइन बनविणाऱ्या पेशी एका बाजूने आधीच मारून टाकलेल्या होत्या, आणि संशोधकांनी त्यांच्या शांतीविषयी किंवा खिन्नतेविषयी काहीएक तर्क केला नाही. प्राणी कोणत्या बाजूस वळतो आणि किती वेळा वळतो, एवढेच त्यांनी मोजले.